ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या कानात यीस्ट पुन्हा पुन्हा का होते आणि त्यावर काय करावे?

तुमच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडोरच्या दोन्ही कानांत दीड वर्षात पाच वेळा यीस्टचा संसर्ग झाला. दर वेळी थेंब घातले की आठवड्याभरात वास आणि खाज जाते, आणि महिना-दीड महिन्यात तोच तपकिरी मळ पुन्हा दिसू लागतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो पंजेही सतत चाटतो, हे तुम्ही शेवटी सहज सांगितले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

मी पशुवैद्य नाही. डोंबिवलीत आमच्या घरी चिंगी नावाची लॅब्रॅडोर कुत्री आहे. ती आता नऊ वर्षांची आहे आणि वयाच्या दुसऱ्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत तिचे कान असेच धुमसत होते. त्या तीन वर्षांत आम्ही तीन दवाखाने बदलले. प्रत्येक ठिकाणी कानात डोकावून थेंबांची नवी बाटली लिहून मिळाली, आणि आम्हीही वास गेला की बाटली फ्रीजच्या दारात ठेवून देत असू. चौथ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत औषधाचे नाव न काढता तिचे पंजे, काखा आणि पोट पाहिले. पंजांमधले पांढरे केस लाळेने तांबूस झाले होते. ते बोट ठेवून दाखवत डॉक्टर म्हणाले, “हा कानाचा आजार नाही, कातडीचा आहे. कान म्हणजे आत वळलेली कातडीच असते.” तिथून आमची वाट बदलली.

त्यांनी कापसाची काडी कानात फिरवली, ती काचपट्टीवर लोळवली, पट्टी रंगद्रवात बुडवून धुतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधोमध आवळलेले जांभळे ठिपके सगळीकडे पसरलेले होते. ही मॅलॅसेझिया नावाची बुरशी, म्हणजेच तुम्ही म्हणता ते यीस्ट. ती बाहेरून येऊन चिकटत नाही, निरोगी कुत्र्यांच्या त्वचेवर आणि कानातही ती थोड्या प्रमाणात नांदत असते. ॲलर्जीमुळे कानाच्या आतली त्वचा सुजते, तिथल्या ग्रंथी जास्त तेलकट मळ तयार करतात, हवा खेळत नाही आणि ओल टिकते. अशा जागी या बुरशीची बेसुमार वाढ होते, तिच्यामुळे खाज आणखी वाढते आणि खाजवून खाजवून सूज आणखी वाढते. त्यात कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, त्यामुळे मळ आपोआप बाहेर येणे अवघड होते, आणि लॅब्रॅडोरच्या कानाची लोंबती पाळी वरून झाकण घालते. थेंबांनी बुरशी मरते, पण ज्या सुजेवर ती पोसली जाते ती तशीच राहिली तर पुढचा संसर्ग ठरलेलाच असतो.

म्हणून उपचाराच्या दोन बाजू आहेत: आत्ताचा संसर्ग पूर्ण निपटणे आणि ॲलर्जी आटोक्यात ठेवणे. एकच बाजू सांभाळली तर तुम्ही आज आहात तिथेच राहाल.

आधी कानाबद्दल सांगते. प्रत्येक वेळी औषध सुरू करण्यापूर्वी काचपट्टीची तपासणी करून घ्या, कारण वास आणि रंग यांवरून अंदाज चुकतो. यीस्टच्या जोडीला गोल जिवाणू असू शकतात, आणि काडीच्या आकाराचे जिवाणू दिसले तर औषध वेगळे लागते आणि बहुधा कल्चरही, म्हणजे प्रयोगशाळेत ते जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडेल याची तपासणीही, करावे लागते. ओटोस्कोपने, म्हणजे कानात पाहण्याच्या दिव्याच्या उपकरणाने, कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हेही पाहून घ्यावे. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखी काही औषधे आणि कान धुण्याची काही द्रावणे आतल्या कानात पोहोचली तर ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. याच कारणासाठी मागच्या वेळची उरलेली बाटली स्वतःच्या मनाने उघडू नये. जवळच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करता येईल.

यीस्टसाठीच्या थेंबांत क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन यांपैकी एखादे बुरशीनाशक आणि सोबत सूज उतरवणारे स्टिरॉइड असते. औषधाचे नाव बदलत राहण्यापेक्षा मात्रा आणि मुदत पाळण्याने आम्हाला अधिक गुण आला. आम्ही तीन वर्षे चिंगीच्या कानात दोन-तीन थेंब टाकत होतो. तीस किलोच्या कुत्र्याच्या लांब, वळणदार नलिकेत एवढेसे औषध वरच्या वळणावरच संपते. मोठ्या कुत्र्याला बहुधा अर्धा ते एक मिलिलिटर औषध लागते, म्हणून नेमके किती घालायचे हे डॉक्टरांना मिलिलिटरमध्ये विचारा आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घाला. औषध साधारण दोन ते चार आठवडे चालते, आणि ते कधी थांबवायचे हे काचपट्टीने ठरवावे. वास आठव्या दिवशी जातो, बुरशी तेव्हा गेलेली नसते. आमच्या बाबतीत “परत झाला” असे जे आम्ही म्हणत होतो, त्यांतले निम्मे संसर्ग मुळात बरेच झाले नव्हते, असे आज मागे पाहताना वाटते. नलिका सुजून बंदच झाली असेल तर थेंब आत उतरत नाहीत. अशा वेळी डॉक्टर आधी काही दिवस तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन वाट मोकळी करतात. संसर्ग पडद्याच्या आत गेला असेल तर इट्राकोनॅझोलसारखे पोटात घेण्याचे बुरशीनाशकही लागू शकते.

कान धुण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ते आम्ही वर्षानुवर्षे चुकीचे करत होतो. कानात इअर बड घालू नका, त्याने मळ काटकोनाच्या पलीकडे ढकलला जातो. डॉक्टरांनी सांगितलेले कुत्र्यांसाठीचे कान धुण्याचे द्रावण खोलीच्या तापमानाचे असू द्या. थंड द्रावणाने चिंगी दचकत असे आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पलंगाखाली जात असे. पाळी वर उचलून नलिका काठोकाठ भरेल एवढे द्रावण ओता. मग पाळीच्या मुळाशी, गालाच्या मागे, बोटांना जी नळीसारखी कूर्चा लागते ती अर्धा मिनिट हळुवार चोळा. चिखलात पाय पडल्यावर येतो तसा पचपच आवाज आला म्हणजे द्रावण खालपर्यंत पोहोचले. नंतर मागे सरका आणि कुत्र्याला मनसोक्त डोके झटकू द्या, निम्मा मळ त्या झटक्यानेच वर येतो. बोटाला कापूस गुंडाळून जेवढे डोळ्यांना दिसते तेवढेच पुसा. औषधाचे थेंब त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी घाला. कान लालबुंद, सोललेला किंवा हात लावू देत नाही इतका दुखत असेल तर घरी धुऊ नका, डॉक्टरांकडेच न्या.

संसर्ग गेल्यावर आठवड्यातून एकदा असे धुणे पुरते. रोज धुतल्यास आतली त्वचा ओलीच राहते आणि हुळहुळी होते. ज्यांचे कान वारंवार सुजतात त्यांना डॉक्टर संसर्ग नसतानाही आठवड्यातून दोन दिवस केवळ स्टिरॉइडचे थेंब घालायला सांगतात, म्हणजे सूज डोकेच वर काढत नाही. चिंगीसाठी हा उपाय मोलाचा ठरला. तुमच्या डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारा.

आता ॲलर्जीकडे येते. कुत्र्यांची वातावरणातील ॲलर्जी, म्हणजे घरातल्या धुळीतील सूक्ष्म कीटक, परागकण आणि बुरशीचे कण यांच्यामुळे होणारी, बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सुरू होते. पंजे चाटणे, तोंड सतरंजीवर घासणे, काखा आणि पोट लाल होणे ही तिची खूण असते, आणि काही कुत्र्यांत तर केवळ कानच सुजतात. दुसरी शक्यता अन्नाच्या ॲलर्जीची. पिसवा आणि गोचिडांचे प्रतिबंधक औषध वेळेवर चालू आहे ना, हे आधीच पाहून घ्या, म्हणजे तो प्रश्न बाजूला होतो. उतारवयात पहिल्यांदाच कान बिघडू लागले असते तर थायरॉइडही तपासायला सांगितले असते, पण चार वर्षांच्या कुत्र्यात ॲलर्जीचा संशय आधी घ्यावा.

अन्नाची ॲलर्जी ओळखण्यासाठी रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचण्या विश्वासार्ह नाहीत, त्यांवर पैसे घालवू नका. एकच खात्रीचा मार्ग आहे: किमान आठ आठवडे असे अन्न द्यायचे, ज्यातले प्रोटीन त्याने पूर्वी कधी खाल्लेले नाही, किंवा ज्यातल्या प्रोटीनचे बारीक तुकडे केलेले आहेत असे हायड्रोलाइज्ड खाद्य. जन्मभर चिकन-भात खाल्लेल्या कुत्र्याला त्या काळात चिकनचा कणही देता येत नाही, आणि घरचेच अन्न द्यायचे असेल तर ते डॉक्टरांकडून आखून घ्यावे. आठ आठवड्यांनी सुधारणा दिसली तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत खाज परतली तरच निदान पक्के.

हे लिहायला सोपे आहे, पण आपल्या घरांत पार पाडायला फार कठीण. आमच्याकडे पहिला प्रयत्न पाचव्या आठवड्यात फसला, कारण सासूबाई रोज सकाळी पूर्वीप्रमाणेच दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा तिला देत होत्या. त्यांच्या मनात मायाच होती, चूक आमची होती. आम्ही त्यांना नीट समजावून सांगितलेच नव्हते. दुसऱ्या वेळी आम्ही घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींना आणि खाली बसणाऱ्या वॉचमनकाकांनाही सांगितले, आणि प्रयोगासाठी ठरवलेल्या तिच्या अन्नाचेच चार दाणे त्यांच्याकडे डबीत भरून ठेवले, म्हणजे त्यांचे लाड थांबले नाहीत आणि प्रयोगही मोडला नाही. जंताच्या चघळायच्या गोळ्यांत आणि कुत्र्यांच्या टूथपेस्टमध्येही चिकनचा किंवा बीफचा स्वाद असतो, हे लक्षात ठेवा. चिंगीच्या बाबतीत आठ आठवड्यांनी काहीच फरक पडला नाही. तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही, कारण त्यानंतरच वातावरणातील ॲलर्जी आहे असे धरून डॉक्टरांना निश्चिंतपणे पुढे जाता आले.

वातावरणातील ॲलर्जी मुळापासून जात नाही, ती मधुमेहासारखी सांभाळावी लागते, हे मनाने स्वीकारायला मला वर्ष लागले. तिच्यासाठी खाज थांबवणाऱ्या ओक्लासिटिनिबच्या गोळ्या आहेत, त्या एक वर्षाखालील पिल्लांना देत नाहीत. लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन साधारण महिन्याने घ्यावे लागते. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. प्रेडनिसोलोन स्वस्त आणि जलद आहे, पण ते महिनोन्‌महिने चालवले तर भूक, तहान आणि वजन वाढते, स्नायू क्षीण होतात. ॲलर्जी कशाची आहे ते शोधून त्याच पदार्थाची लस देण्याचा उपचार वर्षभर धीर धरायला लावतो आणि प्रत्येकाला लागू पडत नाही, तरी तरुण कुत्र्यासाठी त्याचा विचार करावा. आम्ही चिंगीला पावसाळ्याच्या महिन्यांत ओक्लासिटिनिब देतो, आणि पंजांना व पोटाला आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक व मायकोनॅझोल असलेल्या शॅम्पूने दहा मिनिटे फेस ठेवून धुतो. हा शॅम्पू कानात जाता कामा नये.

तुम्ही व्हिनेगर आणि खोबरेल तेल यांविषयी विचारले आहे. दोन्ही नकोत. व्हिनेगरने सुजलेली त्वचा भाजल्यासारखी चुरचुरते, आणि पडदा फाटला असेल तर इजा आत जाते. मॅलॅसेझिया ही स्निग्ध पदार्थांवर जगणारी बुरशी आहे, त्यामुळे आधीच तेलकट झालेल्या कानात तेल ओतण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही टाळा. पोळी-भात आणि बटाटा बंद केल्याने कानातले यीस्ट उपाशी मरते, असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. ही बुरशी पिठात फुगणाऱ्या यीस्टसारखी साखर आंबवत नाही, तेव्हा केवळ त्या कारणासाठी त्याचा भात तोडू नका.

पोहणे पूर्ण बंद करायला नको, मात्र पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी कान वाळवणाऱ्या द्रावणाने धुवा. डोके एका बाजूला कलणे, तोल जाणे, कानातून पिवळा-हिरवट पू येणे, पाळी फुग्यासारखी फुगणे किंवा जबडा उघडताना विव्हळणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कर्णनलिका काढून टाकण्याच्या ज्या शस्त्रक्रियेची तुम्हाला धास्ती वाटते, ती नलिका कडक होऊन कायमची बंद पडलेल्या कानांसाठी असते. दीड वर्षात, थेंबांनी दर वेळी बरे वाटणाऱ्या कानाला तिची गरज पडण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढच्या भेटीच्या आधी दोन-तीन दिवस कान धुऊ नका आणि घरातले कोणतेही थेंब घालू नका, नाहीतर काचपट्टीवर काहीच सापडणार नाही. त्याने आजवर कोणकोणते प्रोटीन खाल्ले आहे याची यादी, पाचही संसर्गांचे महिने आणि जुन्या बाटल्यांचे फोटो सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी अशा यादीवरूनच पहिल्या दहा मिनिटांत ओळखले होते, की चिंगीचे कान दर वर्षी जूनच्या अखेरीसच बिघडतात.