आजोबांचं कौलारू घर आणि होमस्टे

प्रश्न: गुहागरजवळ आजोबांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, बरीच वर्षं बंद. आम्हाला तिथे पर्यावरणाला धरून होमस्टे काढायचाय. कंत्राटदार म्हणतो कौलं काढून स्लॅब टाका, भिंतींना सिमेंट मारा. ऐकू का?

उत्तर: अजिबात नको! जांभा, म्हणजे तुमचा चिऱ्याचा दगड, पाणी शोषतो आणि सोडतो, त्यावर सिमेंटचा गिलावा केलात की ओल आतच अडकते, मग पोपडे, बुरशी, पाहुण्यांची तोंडं वाकडी. चुन्याचा गिलावा करा, गवंडी शोधायला वेळ लागेल पण लागू दे. कौलंही ठेवा, फुटकी तेवढी बदला, आणि आधी वासे ठोकून बघा, वाळवीने पोखरलेला वासा पोकळ वाजतो.

पाण्याचं म्हणाल तर कोकणात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर अडीच लाख लिटरच्या वर पाणी येतं, ते पन्हळ लावून गाळून विहिरीत सोडा. सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा मात्र विहिरीपासून निदान 60 फूट लांब, इथे काटकसर नको. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिथे नोंदणी करा.

आणि हो, पैसे घालायच्या आधी काका-आत्यांच्या सह्या घ्या, वाडवडिलांच्या घराला हिस्सेदार बरेच निघतात!