शरद ऋतूत भीमाशंकर अभयारण्यात अळंबी आणि वन्यजीव पाहायला मिळतात का?

आपला प्रश्न असा आहे की, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन दिवस मोकळे आहेत, तोवर पाऊस बहुधा ओसरलेला असेल, अशा वेळी भीमाशंकरला जाऊन अळंबी आणि शेकरू दिसतील का, की त्यासाठी भर पावसाळ्यातच जायला हवे. माझे उत्तर असे की अवश्य जावे. मी गेली बरीच वर्षे आश्विनाच्या सुमारास तिथे जातो, आणि अळंबी शांतपणे पाहायची असेल तर हाच काळ मला सर्वांत योग्य वाटतो. भर पावसात धुक्यामुळे दहा हातांपलीकडचे दिसत नाही, पाऊलवाटा निसरड्या असतात आणि श्रावणात देवस्थानाला येणाऱ्या भाविकांची गर्दीही मोठी असते.

मात्र काय पाहायचे ते ऋतूप्रमाणे बदलते. पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारी नाजूक भूछत्रे ऑक्टोबरपर्यंत बहुतांशी संपलेली असतात. वारुळांजवळ उगवणारी खाण्याची अळंबीही त्यांतच मोडते. ती वाळवीच्या बुरशीबागेतून येते. वाळवी वनस्पतींच्या चोथ्यावर ही बुरशी जोपासते, आणि योग्य ओल मिळाली की त्या बागेतून लांब मुळासारखा देठ माती भेदून वर येतो. ही अळंबी माणसाला अजून शेतात पिकवता आलेली नाही. शरदात पाहायची ती लाकडावरची बुरशी. अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे जुने वृक्ष पावसाळी वाऱ्यात उन्मळून पडलेले असतात, त्यांची खोडे चार महिने भिजून मऊ झालेली असतात, आणि त्या लाकडाच्या आत कवकजाल, म्हणजे बुरशीच्या बारीक धाग्यांचे जाळे, आपले काम शांतपणे करत असते. आपल्याला बाहेर दिसते ते केवळ त्याचे फळ. खरा जीव आत असतो. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन पचवू शकणारे सजीव फार थोडे आहेत, आणि त्यांत बुरशीचे स्थान पहिले आहे. ती नसती तर या जंगलातले पडलेले लाकूड साचत राहिले असते आणि त्यातले अन्न मातीला फार उशिरा परत मिळाले असते.

म्हणून माझी सूचना अशी की फार चालू नये. भोरगिरीकडून गुप्त भीमाशंकरमार्गे वर येणारी वाट मला आवडते, परंतु ती पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. वाटेच्या कडेला एखादे जुने आडवे खोड निवडावे आणि त्याच्यापाशी निदान तासभर थांबावे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि एक छोटा आरसा सोबत असावा. आरसा छत्रीच्या खाली धरला की ती न तोडता खालची बाजू दिसते: कुठे पातळ पडदे असतात, तर फळीसारख्या कडक बुरशीला असंख्य बारीक छिद्रे असतात. बीजाणू तिथूनच बाहेर पडतात, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी ही बाजू वरच्या रंगापेक्षा अधिक उपयोगी ठरते. त्याच खोडावर कानाच्या पाळीसारखी मऊ तपकिरी बुरशी, केशरी वाटीसारखे लहान प्याले आणि जळक्या बोटांसारखे काळे कोंब मिळू शकतात. पांढुरक्या, लवदार पंख्यासारखी एक बुरशी तर हमखास आढळते. कोरड्या हवेत तिच्या खालच्या पडद्यांच्या कडा दुभंगून आत वळतात आणि पुन्हा ओल लागली की उघडतात. परतीच्या पावसाची एखादी सर येऊन गेली तर हा बदल आपल्या डोळ्यांदेखत घडताना पाहता येतो. खाली पाचोळ्यात चांदणीसारखी फाकलेली, मधोमध गोल पिशवी असलेली बुरशी दिसली तर तिच्यावर पाण्याचा थेंब पडण्याची वाट पाहावी. थेंबाच्या आघाताने पिशवीच्या तोंडातून बीजाणूंचा धूर उठतो.

रात्री चमकणाऱ्या बुरशीविषयीही आपण विचारले आहे. भीमाशंकरच्या जंगलातील ही बुरशी प्रसिद्ध आहे, पण तिचा प्रकाश लाकूड पूर्ण ओले असतानाच दिसतो. प्राणवायूच्या साहाय्याने घडणाऱ्या एका रासायनिक क्रियेतून तो मंद हिरवा उजेड निर्माण होतो. लाकूड सुकू लागले की तो मावळतो. जून ते सप्टेंबर हा तिचा काळ आहे, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तिची आशा धरू नये. छायाचित्रांत ती झगझगीत दिसते, डोळ्यांना मात्र फार फिकी जाणवते, हेही सांगून ठेवतो. शिवाय अंधार पडल्यावर वनखात्याच्या परवानगीवाचून अभयारण्यात थांबू नये.

आता शेकरूविषयी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी असून, 1985 मध्ये घोषित झालेल्या या सुमारे 131 चौरस किलोमीटरच्या अभयारण्याची ओळख प्रामुख्याने त्याच्यामुळेच आहे. तो दिवसा वावरतो, बहुधा एकटा असतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला शोधत फिरण्यापेक्षा त्याचा आवाज ऐकावा, हे मी त्या खोडांपाशी बसूनच शिकलो. एका ऑक्टोबरात मी भिंगातून असेच पाहत बसलो असताना डोक्यावर खडखडाटासारखी लांबलचक हाक सुरू झाली. वर पाहिले तर तांबूस पाठीचा, शरीरापेक्षा लांब शेपटीचा शेकरू फांद्यांवरून येत होता. मी ज्या खोडापाशी बसलो होतो ते झाड पडल्यामुळे वर जे आभाळ उघडे पडले होते, त्याच्या काठाशी येऊन तो थांबला, मागे वळला आणि कडेच्या झाडांवरून लांबचा वळसा घालून पलीकडे गेला. फांद्यांना फांद्या भिडलेल्या असणे या प्राण्यासाठी किती आवश्यक आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले. त्याची काटक्यापानांची मोठी घरटी उंच बेचक्यांत दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, त्यामुळे घरट्यांच्या संख्येवरून शेकरूंची संख्या ठरवू नये.

स्थिर बसल्यास इतरही बरेच काही दिसते. ओढ्यापाशी हिमालयाकडून नुकतेच आलेले करडे धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात, पहाटे माणसाने शीळ घालावी तशी शीळकरी कस्तुराची शीळ कधी कधी अजून ऐकू येते, आणि कुत्र्यासारखे भुंकणे कानी पडले तर ते बहुधा भेकर, म्हणजे एक लहान हरिण, असते. अशा वेळी जवळपास बिबट्या असण्याची शक्यता धरून बोलणे थांबवावे. पठारांवर सोनकी फुललेली असते, तिच्यासाठी वाट सोडून आत शिरू नये.

दोन गोष्टी मी आग्रहाने सांगतो. लाकडाच्या खाली किंवा झुडपांत हात घालू नये, कारण हिरवा चापडा दिवसा फांदीवर अगदी निश्चल बसलेला असतो आणि हा साप विषारी आहे. दुसरे म्हणजे कोणतीही अळंबी तोडू नये आणि खाऊ तर मुळीच नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय काहीही नेता येत नाही, आणि विषारी अळंबी ओळखण्याची कोणतीही घरगुती कसोटी विश्वासार्ह नाही. यकृत निकामी करणारी काही विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत, आणि त्यांची लक्षणे सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात, तोवर विष शरीरात भिनलेले असते.

शक्य असल्यास परिसरातील महादेव कोळी समाजातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे. कोणत्या वळणावर कोणते झाड कधी पडले, हे त्यांना ठाऊक असते. सोमवार टाळावा, तसेच पुढे कधी कार्तिकात जाण्याचे ठरवल्यास त्रिपुरारी पौर्णिमाही टाळावी, कारण त्या दिवशी यात्रा असते. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून खोड हेरून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथे जाऊन बसावे. सकाळी नऊपर्यंत दव टिकते आणि तोवर बुरशीही टवटवीत असते.