भीषण मंदी आली की सरकारं नेमकं काय करतात? नोटा छापून वाटल्या तर भागत नाही का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. फार मोठी मंदी आली तर सरकारच्या हातात काय असतं, आणि नोटा छापून लोकांत वाटल्या तर का भागत नाही. नोटांकडे शेवटी येते. मी बँकिंग शिकवते, आणि हा विषय आला की अमेरिकेची १९२९ ते १९३८ ही वर्षंच घेते. करू नये ते आणि करावं ते, दोन्ही त्या एकाच देशानं त्या वर्षांत करून पाहिलं.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नुसत्या शेअर बाजारानं देशातला दर चौथा कामगार बेकार होत नाही. १९२९ मध्ये बेकारी ३ टक्क्यांच्या आसपास होती, १९३३ मध्ये ती २५ टक्क्यांवर पोचली. मधल्या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना देशव्यापी विमा नव्हता. शेजारच्या गावातली बँक बंद झाल्याची बातमी आली की लोक आपल्या बँकेपुढे रांग लावत, आणि नीट चाललेली बँकही त्या रांगेपायी बुडे. ठेवींचा बहुतेक पैसा कर्जाऊ दिलेला असतो, तिजोरीत थोडाच असतो. ज्या बँका तगल्या त्यांनी हात आखडते घेतले. पैसा घरात दडला आणि भाव पडू लागले.

भाव पडणं ऐकायला बरं वाटतं, म्हणून हा हिशेब बघा. १९२९ मध्ये एक बुशेल गहू, म्हणजे साधारण २७ किलो, एका डॉलरच्या थोडा वर विकला जायचा. १९३२ मध्ये त्याच गव्हाला ३८ सेंट मिळत होते. ज्या शेतकऱ्यावर १,००० डॉलरचं कर्ज होतं, त्याला पूर्वी हजारेक बुशेल विकून ते फेडता आलं असतं. आता २,६०० लागत होते. जमीन तीच, कष्ट तेच, कर्ज मात्र अडीचपटीहून जड. आयोवात मका कोळशापेक्षा स्वस्त झाला आणि लोकांनी तो शेगडीत जाळला. जप्ती आली की शेजारपाजारचे शेतकरी लिलावाला जमत, बोली काही सेंटांच्या वर जाऊ देत नसत, बाहेरचा कुणी भाव वाढवू लागला तर त्याला दम भरत, आणि अशा कवडीमोल भावात घेतलेली गुरं-अवजारं मूळ मालकाला परत करत. या लिलावांना ‘पेनी ऑक्शन’ म्हणत. सरकार मदतीला येत नाही तेव्हा लोक कुठपर्यंत जातात, ते यात दिसतं.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर नुसते बघत बसले होते, असं मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी बँकांना कर्ज देणारं सरकारी महामंडळ काढलं. पण बाकीची पावलं उलटी पडली. जून १९३० मध्ये आयातीवर जबर कर लावण्याच्या कायद्यावर त्यांनी सही केली. सही करू नका, असं हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी त्यांना लिहून कळवलं होतं. इतर देशांनीही मग अमेरिकी मालावर कर चढवले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं सुवर्णमान, म्हणजे चलनाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडला, तेव्हा आपलं सोनं बाहेर जाईल या धास्तीनं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, म्हणजे फेडरल रिझर्व्हनं, ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला, तोही बँका धडाधड बुडत असताना. १९३२ मध्ये अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करण्यासाठी कर वाढवले, चेकवरसुद्धा दोन सेंट. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे एका घराला ठीक आहे. देशात सगळ्यांनीच एकदम पाय आखडले तर दुकानदाराचा गल्ला रिकामा राहतो आणि सरकारच्या हाती येणारा करही घटतो. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती अज्ञानापेक्षा प्रामाणिक काटकसरीतून झाली, म्हणून ती पुन्हा होण्याची भीती मला जास्त वाटते.

४ मार्च १९३३ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सूत्रं घेतली, तेव्हा बहुतेक राज्यांत बँका एकतर बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर बंधनं होती. त्यांनी ६ मार्चला देशातल्या सगळ्याच बँकांना सुट्टी दिली. ९ मार्चला संसदेनं एका दिवसात कायदा केला: बँकांची तपासणी करायची, धड असतील त्यांनाच उघडू द्यायचं, आणि त्यांना लागेल ती रोकड फेडरल रिझर्व्हनं पुरवायची. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँक तुमच्या ठेवीचं काय करते, सगळे एकदम मागायला आले तर ती का देऊ शकत नाही, उद्या कुठल्या शहरातल्या बँका उघडतील, परवा कुठल्या, हे त्यांनी घरात बसून समजावावं तसं सांगितलं. गादीखालच्या पैशापेक्षा उघडलेल्या बँकेतला पैसा सुरक्षित आहे, असंही ते म्हणाले. सोमवारी बँकांपुढे पुन्हा रांगा लागल्या, पण पैसे भरायला. दोनेक आठवड्यांत लोकांनी दडवलेल्या रोकडीतली निम्म्याहून अधिक परत आली. काही बँका कायमच्या बंद राहिल्या, त्यांच्या ठेवीदारांची आबाळ झालीच. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला. आपल्याकडे अशी सोय १९६२ मध्ये आली, आज तिची मर्यादा ५ लाख रुपये आहे.

पुढचं काम लोकांच्या हाती मजुरी देण्याचं. तरुणांना जंगलांत झाडं लावायला, बांध घालायला नेलं. महिन्याला ३० डॉलर, त्यातले बहुधा २५ परस्पर घरी जात. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. घरी गेलेला पैसा किराणा, भाडं, औषधं यांत लगेच खर्च होतो आणि गावच्या बाजारात फिरतो. १९३३-३४ च्या हिवाळ्यात दुसऱ्या एका योजनेनं काही महिन्यांत ४० लाख लोकांना रस्ते-शाळांच्या कामावर घेतलं. सोन्याशी बांधलेलं नातं सैल करून डॉलर स्वस्त केला, त्यानं भाव सावरले. सगळंच बरोबर झालं असं नाही. शेतमालाचे भाव चढावेत म्हणून ६० लाख डुकरं मारली, उभा कापूस नांगरला. लोक उपाशी असताना केलेलं हे काम मला आजही पटत नाही.

१९३७ मध्ये गाडी रुळावर आली असं वाटताच सरकारनं खर्च कापला, सामाजिक सुरक्षेचा नवा कर सुरू झाला, बँकांनी राखून ठेवायच्या रकमेचं प्रमाण फेडरल रिझर्व्हनं दुप्पट केलं. १९३८ मध्ये बेकारी पुन्हा उसळली. तिचा पुरता निकाल लागला तो युद्धकाळातच.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं, हेही सांगायला हवं. विदर्भ-खानदेशातल्या कापसाचे भाव पार कोसळले होते, शेतसारा मात्र रोखीतच भरायचा. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारनं आणीबाणीचं अंदाजपत्रक आणून करांवर २५ टक्के अधिभार लावला, सरकारी पगार १० टक्के कापले आणि रुपया ब्रिटिश चलनाशी, एक शिलिंग सहा पेन्सच्या दराला, बांधूनच ठेवला. लोकांनी घरातलं सोनं मोडलं आणि ते मुंबई बंदरातून जहाजं भरून बाहेर गेलं. सरकार आपलं नसलं की मंदीतला बोजा कोणाच्या गळ्यात पडतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता नोटा. जपाननं डिसेंबर १९३१ मध्ये सुवर्णमान सोडला. अर्थमंत्री ताकाहाशी यांनी सरकारी रोखे थेट मध्यवर्ती बँकेला विकून खर्च केला, म्हणजे जवळपास नोटाच छापल्या, आणि जपान इतरांच्या आधी सावरला. कारखाने, मजूर सगळं जाग्यावर होतं, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. पुढे वाढत्या लष्करी खर्चाला ते आवर घालू लागले, तेव्हा फेब्रुवारी १९३६ मध्ये बंडखोर सैनिकांनी त्यांचा खून केला. उलट जर्मनीत १९२३ साली फ्रेंच-बेल्जियन फौजांनी रूहर खोरं व्यापलं, निषेधात तिथल्या खाणी-कारखान्यांतलं काम थांबलं आणि सरकार नोटा छापून संपकऱ्यांचे पगार भागवत राहिलं. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्यामुळे भागतं की नाही, ते माल बनवणारे हात आणि यंत्रं रिकामी आहेत का, यावर ठरतं. ती रिकामी असतील तर छापलेल्या पैशानं काम निघतं, आणि तो वाटण्यापेक्षा मजुरी म्हणून दिला तर रस्ता किंवा शाळाही पदरात पडते. बाजारात मालच नसेल तर त्याच नोटा भाव आभाळाला नेतात.