पहिला प्रोटोटाइप (कच्चा नमुना) कागदावरच कर

दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या तिकिटाचं ॲप करतोयस, छान! पण फिग्मा, म्हणजे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, आत्ताच उघडू नकोस. पेन्सिलीने चार-पाच स्क्रीन काढ आणि कागद घेऊन थेट जेटीवर जा. रंगीत, गुळगुळीत स्क्रीन दिसली की माणसं भिडेखातर "मस्त आहे" म्हणतात. कच्च्या रेघोट्यांवर मोकळेपणी बोलतात.

तिथल्या प्रवाशाला कागद दाखवून एकच काम दे: "दुचाकीसकट तिकीट काढा." मग गप्प राहा. हे सगळ्यात कठीण. माझ्या पहिल्या चाचणीत एक मावशी अडखळल्या आणि मीच बटण दाखवलं. चाचणी तिथेच वाया गेली. त्यांच्या हाताचं बोट कुठे घुटमळतं, तेवढं लिहून घे.

चाचणीच्या एका फेरीला ५ माणसं पुरतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय. फक्त ती तुझे मित्र नकोत, रोज खाडी ओलांडणारी हवीत.