इंदूरच्या जुन्या फोटोतली भालेवाली मुलं डेली कॅडेट कॉलेजची आहेत का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत मावळ्यांच्या वेशातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांचा फोटो निघाला आणि मागे नुसतं ‘डेली, इंदूर’ आहे. मला ते कॅडेट वाटत नाहीत. डेली कॅडेट कॉलेज पहिल्या महायुद्धाच्या शेवटी थोडाच काळ चाललं आणि तिथे लष्करी अधिकारी व्हायला आलेले तरुण होते, पोरं नव्हेत. पुढे १९४९ मध्ये पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा तिथलेच, १९१९ च्या तुकडीतले. डेली कॉलेज ही वेगळी संस्था, तेव्हा मध्य भारतातल्या संस्थानिकांच्या मुलांची शाळा होती. नावामुळे घोळ होतो, आमच्या घरीही झाला होता.

फोटोत मुलांच्या मागे कमानी-घुमटांची पांढरी इमारत दिसते का? ती डेली कॉलेजची, १९१२ ची, म्हणजे फोटो त्यानंतरचा.

आणि हा फोटो कार्यक्रमाच्या तालमीतलाच असणार. डोक्याला पगडी, अंगात अंगरखा, पण पायांत कॅनव्हासचे बूट! ऐन कार्यक्रमात मास्तरांनी हे चालू दिलं नसतं. भाल्यांची टोकंही नीट बघा, बहुधा वेळूवर चांदीचा कागद असेल. पगडीवरून होळकरशाही की शिंदेशाही हे मात्र ठरवू नका, भाड्याने आणलेल्या कपड्यांच्या पेटाऱ्यात सगळी सरमिसळ असते.