'तुझी खैर नाही' मधली खैर

प्रश्न असा आलाय: 'आज तुझी खैर नाही' यातली खैर म्हणजे ज्याच्यापासून कात काढतात ते झाड का? आणि तसं नसेल, तर हा 'इस्लामी शब्द' आहे असं एकानं सांगितलं, ते खरं का?

झाडाचा निकाल आधी लावू. तो खैर आणि ती खैर, लिंगावरूनच दोघांची फारकत होते. कातवाला खैर संस्कृत 'खदिर'चा वंशज. धमकीतली खैर मूळची अरबी, आपल्याकडे आली फारसीच्या वाटेनं. अर्थ भलं, कल्याण. म्हणजे 'तुझं आज काही भलं होत नाही.'

शब्द इस्लामी म्हणण्यापेक्षा अरबी म्हणावा. अरब ख्रिश्चनसुद्धा सकाळी 'सबाह अल-खैर' म्हणतात. पण इस्लामच्या वाङ्मयात त्याला मानाची जागा आहे, आणि तीही बोलण्याच्या संदर्भात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, एक वचन आहे: ज्याची अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर श्रद्धा आहे, त्यानं भलं बोलावं, नाहीतर गप्प राहावं. या 'भलं'साठी मुळात शब्द आहे तो खैर. त्याच वचनात पुढे शेजाऱ्याला त्रास देऊ नये, पाहुण्याचा मान राखावा असंही येतं. जिभेचा विषय तिथे शेजारधर्माच्या पंगतीत बसलाय.

खैरचा आणखी एक उपयोग म्हणजे तुलना. सुन्नी परंपरेतल्या पहाटेच्या अजानीत 'अस्सलातु खैरुम् मिनन्नौम' ऐकू येतं, म्हणजे झोपेपेक्षा नमाज बरी. हीच रचना कुराणात सूरह बकराच्या 263व्या आयतीत आहे. ज्या दानामागून मन दुखावणं येतं, त्या दानापेक्षा चांगला शब्द आणि क्षमा 'खैर', म्हणजे अधिक चांगली. पैसे हातावर ठेवून वर चार शब्द ऐकवणारे नातेवाईक कुणाला नसतात!

यातल्या 'चांगल्या शब्दा'ला मूळ शब्द आहे 'कौल मारूफ'. कौल आपलाच की! (छपरावरचं ते कौल वेगळं.) अरबीत कौल म्हणजे नुसतं बोलणं, वचन. मराठीत त्याला वजन आलं: रयतेला अभय देणारा कौलनामा, देवाला लावलेला कौल, मतदारांचा कौल. 'मारूफ' मराठीत रुळला नाही, पण त्याच धातूचे 'उर्फ' आणि 'मार्फत' रोजच्या वापरात आहेत. सगळ्यांच्या मुळाशी 'ओळखणं, जाणणं'. मारूफ म्हणजे चांगलं म्हणून सर्वांना ओळखीचं असलेलं.

खैरचं अनेकवचन खैरात. अरबीत सत्कृत्यं, मराठीत आधी दानधर्म आणि हल्ली बहुधा टोमणा: 'आश्वासनांची खैरात'. कौलाची खैरात म्हणा ना.

आता धमकीकडे परत. फारसीत अदबीनं 'नाही' म्हणायचं असेल तर 'खैर' म्हणतात. नकाराच्या तोंडीसुद्धा भलं. आमच्या घरी खैर आणि नाही हे दोन शब्द एकत्र यायचे ते आई लाटणं घेऊन दारात उभी असली की.