लाख-दोन लाखांच्या व्हिडिओ गेम कन्सोलला खरोखर गिऱ्हाईक आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, हातघड्याळांच्या बाजारात दोन हजारांचे घड्याळ आणि दहा लाखांचे घड्याळ अशी दोन्ही जशी खपतात, तसा सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांच्या वरच्या पायरीवर कोणी दीड-दोन लाख रुपयांचा, उत्तम घडणीचा, सर्वार्थाने श्रीमंती कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) काढला तर तो खपेल का. माझे उत्तर असे की गिऱ्हाईक नक्कीच आहे आणि ते पैसे मोजायलाही तयार असते, परंतु एका अटीवर. त्या कन्सोलवर खेळायच्या गेमचा खर्च दुसऱ्या कोणीतरी आधीच उचललेला असला पाहिजे. जुने कन्सोल जमवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे, आणि या विषयाबद्दल आस्थाही आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी ही अट कुठून येते ते पाहू. घड्याळ स्वयंपूर्ण असते. त्या बनावटीचे जगात शंभरच नग असले तरी वेळ दाखवण्यात काही उणे पडत नाही. कन्सोलचे तसे नाही, कारण त्याच्यासाठी कोणी गेम तयार केले नाहीत तर ती नुसती पेटी उरते, आणि गेम तयार करणे आज अतिशय खर्चिक झाले आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील खटल्यात जी कागदपत्रे उघड झाली, त्यांत सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमच्या निर्मितीचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर दिसतो. एवढा खर्च करणाऱ्या एखाद्या स्वतंत्र प्रकाशकाचा हिशोब मांडून पाहा. ७० डॉलरच्या प्रतीतून ऑनलाइन दुकानाचा ३० टक्के वाटा वजा केला की हाती ४९ डॉलर येतात, म्हणजे नुसता निर्मितीखर्च भरून निघायला सुमारे ४५ लाख प्रती खपाव्या लागतात. आता आपला श्रीमंती कन्सोल जगभरात एक लाख लोकांनी घेतला असे समजू, जे मुळातच फार आशावादी आहे. त्या प्रत्येकाने तो गेम विकत घेतला तरी माणशी २,२०० डॉलर खर्च येतो. कन्सोलसाठी दोन लाख रुपये मोजणारा माणूससुद्धा एका गेमला तेवढेच पैसे पुन्हा मोजणार नाही, आणि कोणताही प्रकाशक त्या भरवशावर गेम करायला घेणार नाही.

म्हणूनच या धंद्याची रीत उलटी आहे. यंत्र जवळपास पदरमोड करून विकायचे, ते जास्तीत जास्त घरांत पोहोचवायचे आणि कमाई गेमच्या वाट्यातून करायची. २०२१ मध्ये एपिक ही गेम बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितले की एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीत कंपनीने कधीही नफा कमावलेला नाही. २००६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची ६० जीबीची आवृत्ती ५९९ डॉलरला आली, तेव्हा लोकांनी ती महाग म्हणून नाके मुरडली; पण आयसप्लाय या विश्लेषक संस्थेने यंत्र उघडून एकेका भागाची किंमत लावली तर तिचा अंदाज ८४० डॉलरच्या आसपास गेला. गिऱ्हाइकाला महाग वाटणारी ती वस्तू कंपनी प्रत्यक्षात तोट्यात विकत होती.

ही रीत मोडून पाहण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे थ्रीडीओ हा कन्सोल. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी असे ठरवले की आपली कंपनी फक्त आराखडा देईल, यंत्रे पॅनासॉनिकसारख्या कंपन्या बनवतील आणि गेम करणाऱ्यांकडून दर प्रतीमागे अवघे तीन डॉलर घेतले जातील. गेम करणाऱ्यांसाठी हा व्यवहार अतिशय उदार होता. मात्र पॅनासॉनिकला गेमच्या उत्पन्नात काहीच वाटा नसल्यामुळे तिला नफा यंत्रातूनच काढावा लागणार होता, आणि म्हणून १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये ते यंत्र ६९९.९९ डॉलरला बाजारात आले. सुपर निन्टेन्डो त्या वेळी दोनशे डॉलरच्या आत मिळत होता. शिवाय पहिल्या दिवशी थ्रीडीओसाठी एकच गेम उपलब्ध होता. किंमत वर्षभरात बरीच उतरवली गेली, तरी १९९५ मध्ये प्लेस्टेशन अमेरिकेत २९९ डॉलरला आल्यावर थ्रीडीओ सावरू शकला नाही आणि १९९६ मध्ये बंद झाला. यंत्र वाईट नव्हते. त्याच्या काळात ते खरोखरच पुढचे होते, असे माझे मत आहे. त्याच्या गेमचा खर्च उचलणारी गर्दी मात्र त्या किमतीत जमणे शक्य नव्हते.

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहा, ज्याबद्दल मला मनापासून लिहावेसे वाटते. जपानच्या एसएनके कंपनीचा निओ जिओ एईएस हा कन्सोल १९९० साली आला. सुरुवातीला तो जपानमध्ये भाड्याने देण्यासाठी होता, कारण घरगुती गिऱ्हाईक एवढे पैसे देईल असे कंपनीलाच वाटत नव्हते. लोकांकडून विचारणा होऊ लागली तेव्हा तो विक्रीस ठेवला गेला. अमेरिकेत त्याचा ‘गोल्ड’ संच, दोन जॉयस्टिक आणि एका गेमसह, ६४९.९९ डॉलरला होता आणि पुढचा एकेक गेम दोनशे डॉलरच्या घरात जात होता. म्हणजे गेमची एक कॅसेट इतर कंपन्यांच्या अख्ख्या कन्सोलएवढी महाग. तरीही त्याच्यासाठी २००४ पर्यंत अधिकृत गेम निघत राहिले, म्हणजे थ्रीडीओ येऊन, बंद पडून वर्षे लोटली तरी निओ जिओ चालूच होता.

याचे कारण त्याच्या आत आहे. निओ जिओचे दोन अवतार होते. एक घरचा एईएस आणि दुसरा व्हिडिओ गेम पार्लरमधला एमव्हीएस, आणि दोघांतील मूळ यंत्रणा एकच. पार्लरच्या यंत्रातील कॅसेट बाहेरून वेगळ्या घडणीची होती आणि ती घरच्या यंत्रात बसत नसे, पण आतील गेम अक्षरशः तोच. तो ज्या यंत्रात लावला जाई ते पार्लरचे की घरचे हे ओळखून तो नाणे मागायचे की नाही ते ठरवत असे. एईएसची कॅसेट हातात घेतली की पहिल्यांदा तिचे आकारमान जाणवते, कारण ती व्हीसीआरच्या कॅसेटपेक्षा लहान नाही. स्क्रू काढून उघडली की आत एकावर एक असे दोन सर्किट बोर्ड असतात, एकावर मुख्यतः प्रोग्रॅम आणि दुसऱ्यावर चित्रे, आणि दोन्ही मेमरी चिपांनी भरलेले. दोनशे डॉलर कुठे गेले ते डोळ्यांना दिसते. यंत्राला मेमरी कार्डाची खाचही होती. पार्लरमध्ये अर्धवट राहिलेला गेम त्या कार्डावर साठवून घरी आणायचा आणि तिथून पुढे खेळायचा, अशी सोय एसएनकेने त्या काळात करून ठेवली होती.

गेमचा खर्च कुठून निघत होता ते आता स्पष्ट होईल. जगभरातील पार्लरमध्ये नाण्यानाण्याने तो वसूल होत होता, आणि त्यात आपल्याकडच्या पार्लरचाही खारीचा वाटा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबई-पुण्यात ज्यांनी टोकन घेऊन ‘किंग ऑफ फायटर्स’ किंवा ‘मेटल स्लग’ खेळले, त्यांनी निओ जिओच खेळला होता, मग यंत्राचे नाव त्यांना माहीत असो वा नसो. घरी एईएस घेणारे मूठभर श्रीमंत शौकीन त्या गर्दीच्या पैशांवर तयार झालेले गेम खेळत होते. आज त्या मूठभरांच्या कॅसेट संग्राहकांच्या बाजारात हजारो डॉलरना जातात, ‘मेटल स्लग’ची तर विशेषकरून.

सध्याच्या काळात हेच वेगळ्या रूपात घडते. गुची या फॅशन कंपनीच्या शतकपूर्तीचे आणि एक्सबॉक्सच्या विशीचे निमित्त साधून २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्सची विशेष आवृत्ती निघाली. फक्त १०० संच, प्रत्येकी १०,००० डॉलर, सोबत दोन कंट्रोलर आणि कडक घडणीची बॅग. आतील यंत्र मात्र तेव्हा ४९९ डॉलरला मिळणारेच. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, सोनीने प्लेस्टेशनच्या तिशीनिमित्त पीएस५ प्रो, म्हणजे प्लेस्टेशन ५ ची वरची आवृत्ती, हिचा करड्या रंगातील संच ९९९.९९ डॉलरला काढला. त्याचे १२,३०० नग होते, कारण अगदी पहिले प्लेस्टेशन जपानमध्ये १९९४ च्या बाराव्या महिन्यात ३ तारखेला आले होते. प्रत्येक नगावर स्वतंत्र क्रमांक होता. आगाऊ नोंदणी उघडताच संच हातोहात संपले आणि कितीतरी जास्त किमतीला पुनर्विक्रीच्या जाहिराती झळकू लागल्या. या दोन्ही वस्तू निखळ श्रीमंती थाटाच्या आहेत, आणि त्यांवर खेळले जाणारे गेम कोट्यवधी साध्या मालकांच्या पैशांतून झालेले आहेत.

अर्थात अट पाळली म्हणजे यश हमखास मिळते, असे मी म्हणणार नाही. सोनीने २००३ च्या डिसेंबरमध्ये पीएसएक्स नावाचे यंत्र जपानमध्ये आणले. त्यात संपूर्ण प्लेस्टेशन २ होता, शिवाय हार्ड डिस्क आणि टीव्हीचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सोय. किंमत ७९,८०० आणि ९९,८०० येन. प्लेस्टेशन २ चे गेम त्याला आयते मिळत होते, तरीही ते जपानबाहेर कधी गेलेच नाही. माझ्या मते त्याची चूक अशी की जास्तीचे पैसे खेळणाऱ्याच्या हाताला किंवा डोळ्याला काहीच देत नव्हते. ते रेकॉर्डरसाठी होते, आणि रेकॉर्डर घेणारा माणूस वेगळा असतो.

अमेरिकेतील ॲनालॉग या छोट्या कंपनीने ही गोष्ट अधिक नीट ओळखली. तिने २०१५ च्या सुमारास ॲनालॉग एनटी नावाचा कन्सोल काढला, जो निन्टेन्डोच्या एनईएस या ऐंशीच्या दशकातील कन्सोलच्या जुन्या कॅसेट चालवतो. त्याची पेटी ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेली होती आणि आत निन्टेन्डोच्या मूळ चिपा बसवलेल्या होत्या. किंमत ४९९ डॉलर, तीही अशा यंत्रासाठी की ज्याच्यासाठी एकही नवा गेम करण्याचा खर्च कंपनीला आला नाही. पुढे तिने त्याची २४ कॅरेट सोन्याचा मुलामा दिलेली, मोजक्या नगांची आवृत्तीही ४,९९९ डॉलरला काढली. येथे गेमचा खर्च तीस वर्षांपूर्वीच्या मुलांच्या आईवडिलांनी भागवून ठेवला होता. नव्याने कोणी श्रीमंती कन्सोल काढणार असेल तर मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

खेळावर खरोखर मोठा पैसा खर्च करणारे लोक आज कुठे आहेत, याचेही उत्तर द्यायला हवे, कारण आपल्या प्रश्नामागे तीच शंका असावी. ते बहुतांशी पीसीकडे आहेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची (पीसीत गेमची चित्रे पडद्यावर उभी करणारा भाग) भारतातील जाहीर किंमत २०२५ च्या सुरुवातीला २,१४,००० रुपये होती, आणि ती फक्त कार्डाची. तरीही घेणारे होते. कारण पीसीवर तीस हजारांचे यंत्र आणि पाच लाखांचे यंत्र एकाच दुकानातून एकच गेम घेतात. महाग यंत्रवाल्याला तोच गेम अधिक देखणा आणि अधिक सफाईदार दिसतो, इतकेच. श्रीमंती कन्सोलच्या निर्मात्याची खरी स्पर्धा या गिऱ्हाइकासाठी आहे, सोनीच्या गिऱ्हाइकासाठी नाही.

भारतात तर साधा पीएस५ सुद्धा २०२१ च्या फेब्रुवारीत ४९,९९० रुपयांना आला, आणि मध्यमवर्गीय घरासाठी तोच चैनीचा खर्च होता. पीएस५ प्रो बाजारात आला तेव्हा त्यातील वाय-फाय ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते, त्याला भारतात मुभा नसल्यामुळे तो त्या वेळी येथे अधिकृतपणे उपलब्ध झाला नाही. तरीही परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून तो मागवणारे लोक मला ठाऊक आहेत. अधिकृत वॉरंटी नसताना ते हा धोका पत्करतात, यावरून वरच्या किमतीची भूक येथेही आहे असे मी मानतो.

आपण स्वतः असा कन्सोल काढण्याच्या विचारात असाल, तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. दोन लाख रुपये देणारा गिऱ्हाईक ती वस्तू पुढच्या पिढीला देता यावी अशी अपेक्षा धरतो, आणि आजच्या कन्सोलला ती पुरी करता येत नाही. वी यू आणि थ्रीडीएस या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाली, एक्सबॉक्स ३६० चे दुकान २०२४ च्या जुलैमध्ये. त्यानंतर तेथे नवे काही विकत घेता येत नाही. एईएसला कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. फार तर कपॅसिटर बदलावे लागतात आणि कॅसेटच्या टोकाच्या धातूच्या जोडपट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसाव्या लागतात. तेव्हा गेम कॅसेटवर द्या, यंत्र स्क्रूने उघडता येईल असे करा, सुटे भाग निदान वीस वर्षे मिळतील याची लेखी हमी द्या आणि पहिल्या खेपेला काही शे नगांपेक्षा जास्त काढू नका. एवढ्या तयारीचा कन्सोल जुन्या गेमसाठी निघाला, तर त्याच्या नोंदणीत माझे नाव असेल.